इंग्लंडच्या कौन्सिल निवडणुका : मुस्लिम मतदाराने नेमके काय सांगितले?

2 मे 2024 रोजी इंग्लंडमधील 107 कौन्सिलसाठी मतदान झाले. एकूण जागा 2,600 हून अधिक. निकाल वरवर पाहिला तर सरळ आहे. तेव्हा विरोधी बाकावर असलेल्या मजूर पक्षाने 1,158 जागा जिंकल्या, म्हणजे आधीपेक्षा 186 जास्त. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या हुजूर पक्षाने 474 जागा गमावल्या आणि तो लिबरल डेमोक्रॅटांच्याही मागे, तिसऱ्या क्रमांकावर गेला. देशात वारे मजूर पक्षाच्या बाजूने होते, हे उघड होते.

पण याच निकालात एक उलटा प्रवाहही आहे. बीबीसीने मुस्लिम लोकसंख्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असलेले 58 वॉर्ड तपासले. तिथे मजूर पक्षाच्या मतांचा वाटा 2021 च्या तुलनेत तब्बल 21 टक्के अंकांनी घसरलेला दिसला. देशभर जिंकणाऱ्या पक्षाने आपल्या सगळ्यात भरवशाच्या मोहल्ल्यांत मात्र मते गमावली. असे का झाले, आणि त्यातून काय साधले, हे नीट समजून घ्यायला हवे.

नाराजी कुठून सुरू झाली?

ऑक्टोबर 2023 मध्ये एका रेडिओ मुलाखतीत मजूर पक्षाचे नेते किअर स्टार्मर यांना गाझाचे पाणी आणि वीज तोडण्याबद्दल विचारले गेले. इस्रायलला तो हक्क आहे, असा त्यांच्या उत्तराचा अर्थ निघाला. नंतर खुलासा आला, पण तोवर घरोघरी ती क्लिप पोहोचली होती. 15 नोव्हेंबरला संसदेत युद्धबंदीच्या बाजूचा प्रस्ताव आला, तेव्हा पक्षाचा आदेश मोडून मजूर पक्षाच्या 56 खासदारांनी त्याला मत दिले. फेब्रुवारी 2024 मध्ये पक्षाने अखेर तात्काळ युद्धबंदीची भाषा वापरली. लोकांच्या लेखी तोवर फार उशीर झाला होता.

खासदारांच्याही आधी नगरसेवक उठले होते. लँकेशायरमधल्या बर्नली येथे कौन्सिलचे नेते अफ्रासियाब अन्वर यांच्यासह 11 नगरसेवकांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पक्ष सोडला. अपक्ष गट केला आणि लिबरल डेमोक्रॅट व ग्रीन यांना बरोबर घेऊन सत्ता टिकवली. शेजारच्या पेंडल भागात एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे मतदानाला महिनाही उरला नसताना, 20 नगरसेवक एकदम बाहेर पडले.

ओल्डहॅमचा धडा

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमची. तिथे मजूर पक्षाने बहुमत गमावले. अपक्षांनी बाजी मारली. बातम्यांत लगेच ‘गाझामुळे ओल्डहॅम गेले’ असे मथळे आले. हे खरे आहे, पण अर्धेच.

ओल्डहॅममध्ये 2021, 2022 आणि 2023 अशा लागोपाठ तीन वर्षी कौन्सिलचा नेता स्वतःची जागा हरला होता. त्यातल्या एक अरूज शाह. उत्तर इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या पहिल्या मुस्लिम महिला नेत्या. त्या 2022 मध्ये हरल्या, पुढच्या वर्षी परत निवडून आल्या. म्हणजे या शहरातला राग गाझाच्या आधीपासूनचा आहे. आपल्याला गृहीत धरतात, आपले कुणी ऐकत नाही, ही भावना तिथल्या गोऱ्या वस्त्यांतही आहे आणि मुस्लिम वस्त्यांतही. गाझाने त्या साचलेल्या रागाला तोंड दिले.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. त्याच दिवशी ग्रेटर मँचेस्टरच्या महापौरपदाचीही निवडणूक होती आणि ओल्डहॅमच्या मतदारांना त्यातही मत होते. मजूर पक्षाचेच अँडी बर्नहॅम तिथे 60 टक्क्यांहून अधिक मते घेऊन तिसऱ्यांदा निवडून आले. लंडनमध्ये सादिक खानही तिसऱ्यांदा महापौर झाले. या दोघांनी ऑक्टोबर 2023 मध्येच, पक्षनेत्याची भूमिका वेगळी असताना, युद्धबंदीची उघड मागणी केली होती. त्यांच्या विजयाचे हेच एक कारण, असे कुणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट दिसते. मतदाराने डोळे मिटून एका पक्षावर काट मारलेली नाही.

मँचेस्टर शहरातल्या लाँगसाइट वॉर्डचा निकालही असाच बोलका आहे. तिथे कौन्सिलचे उपनेते लुत्फुर रहमान हरले आणि जॉर्ज गॅलवे यांच्या वर्कर्स पार्टीचा उमेदवार जिंकला. नाव मुस्लिम आहे म्हणून मत, हा हिशेब चालला नाही. ‘मुस्लिम व्होट बँक’ हा शब्द तिथेही वापरतात आणि आपल्याकडेही. बँकेतली ठेव मात्र अशी स्वतःहून उठून चालू लागत नाही!

कौन्सिल युद्ध थांबवू शकते का?

इथे टीकाकारांचा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. कचरा उचलणाऱ्या कौन्सिलचा आणि गाझाचा संबंध काय?

लँकेशायरसारख्या ठिकाणी कारभार दोन पातळ्यांवर चालतो. शाळा, मोठे रस्ते आणि म्हाताऱ्यांची-अपंगांची देखभाल काउंटी कौन्सिलकडे. कचरा, घरांच्या तक्रारी, बांधकाम परवाने, बागा आणि टॅक्सीचे लायसन डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. बर्नली आणि पेंडल ही अशीच डिस्ट्रिक्ट कौन्सिल. ओल्डहॅमसारख्या शहरी कौन्सिलकडे ही दोन्ही कामे एकत्र असतात.

परराष्ट्र धोरण यात कुठेच नाही. पण मशिदीच्या बांधकामाला परवानगी मिळणार की नाही, हे कौन्सिल ठरवते. कौन्सिलच्या कब्रस्तानात शनिवार-रविवारी दफन होऊ शकते का, हेही तिथेच ठरते. मय्यत घरात असताना सोमवारची वाट बघावी लागणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कितीतरी मुस्लिम घरांची चूल टॅक्सीवर चालते, त्या टॅक्सीचे लायसनही तिथूनच. तेव्हा फक्त निषेध म्हणून नगरसेवक निवडला आणि त्याला पुढची चार वर्षे ही कामे जमली नाहीत, तर नुकसान आपल्याच गल्लीचे.

त्यात अनेक कौन्सिलमध्ये एका वर्षी फक्त एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. बर्नलीत 45 पैकी 15. एका वर्षाच्या लाटेत सगळी कौन्सिल बदलत नाही. वॉर्डात टिकून काम करणाराच शेवटी उरतो. बर्नलीचे नगरसेवक बाहेर पडूनही सत्तेत राहू शकले, कारण ते वर्षानुवर्षे लोकांत होते आणि त्यांनी दुसऱ्यांशी जुळवून घेतले.

मतांचे गणित

वेस्ट मिडलंड्सच्या महापौरपदाचा निकाल या बाबतीत डोळे उघडणारा आहे. मजूर पक्षाचे रिचर्ड पार्कर हे हुजूर पक्षाच्या अँडी स्ट्रीट यांच्यापेक्षा फक्त 1,508 मतांनी पुढे राहिले. गाझाच्या मुद्द्यावर उभे असलेले अपक्ष अहमद याकूब यांना 69,621 मते पडली, जवळपास 12 टक्के. पार्कर जिंकले खरे, पण काठावर. इतकी मते सोबत नसतील तर अशा ठिकाणी काय होऊ शकते, हे मजूर पक्षाला त्या दिवशी कळले. निकालानंतर पक्षाच्या नेत्यांनी गाझाचा फटका बसल्याचे मान्य केले, ते उगाच नाही.

पण दुसरी बाजूही पाहायला हवी. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेनुसार मुस्लिम 39 लाख, म्हणजे साडेसहा टक्के. त्यातले बरेचसे ठरावीक शहरांतच राहतात. एवढा फटका बसूनही पक्षाच्या जागा वाढल्याच. ‘हे लोक नाहीत तरी आपले भागते’ असा हिशेब उद्या कुणी मांडू शकतो. म्हणून नुसता राग पुरत नाही, नेमकी मागणी लागते. निकालानंतर ‘द मुस्लिम व्होट’ या मोहिमेने स्टार्मर यांच्यापुढे 18 मागण्या ठेवल्या. त्यात पॅलेस्टाइनला मान्यता आहे, तशीच मुहम्मद नावाच्या माणसाला विम्यासाठी जास्त पैसे पडू नयेत ही मागणीही आहे. यादीतल्या प्रत्येक मुद्द्याशी सहमत होण्याची गरज नाही. पण कागदावर मागणी आली, की उत्तर देण्याची जबाबदारी समोरच्यावर येते.

आपल्यासाठी काय?

आपल्या अनेक घरांतले कुणी ना कुणी इंग्लंडमध्ये आहे. कुणी शिकायला गेले, कुणी नोकरीला, कुणी लग्न होऊन. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते, की तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मताचा हक्क आहे, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. ब्रिटिश पासपोर्ट असायलाच हवा असे नाही. मतदार यादीत नाव नोंदवावे लागते आणि मतदानाला फोटो असलेले ओळखपत्र लागते. भारतीय पासपोर्टही चालतो.  तेव्हा पुढच्या व्हिडिओ कॉलवर खुशाली विचारताना ‘यादीत नाव घातलंस का?’ हेही विचारा.

आणि इथले काय? मे 2024 मध्ये आपल्याकडे लोकसभेचे मतदान टप्प्याटप्प्याने चालू होते. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती आणि तेव्हापासून तिथे प्रशासक होता. मालेगाव, भिवंडीतही तेव्हा नगरसेवक नव्हते. ओल्डहॅमच्या मतदाराने गल्लीतल्या मतपेटीतून लंडनपर्यंत निरोप पोहोचवला. आपल्याकडे तेव्हा दोन वर्षे ती मतपेटीच उघडलेली नव्हती. गटार तुंबले, कब्रस्तानाची भिंत पडली, तर जाब विचारायला दारावर निवडून दिलेला माणूस नव्हता. दिल्लीच्या निवडणुकीइतकीच या गोष्टीची चर्चा आपल्या मोहल्ल्यांत व्हायला हवी होती. जो निवडणुकाच घेत नाही, त्याला मताने शिक्षा करायची तरी कशी? तो दरवाजा उघडा, ही पहिली मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी होती.