कतारगामचा विद्यार्थी कोणाचा?

सुरतेच्या कतारगाम भागात हिऱ्याला पैलू पाडणारा कामगार आज ज्या विवंचनेत आहे, तिचा बेळगाव-निपाणीच्या वाचकांशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो केवळ सहानुभूतीचा नाही. शिक्षणासाठी सरकारने द्यावयाची मदत राज्याच्या सीमेपाशी येऊन कशी थबकते आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची सरकारे ‘हा आमचा नव्हे’ म्हणून हात कसे झटकतात, हा आम्हा सीमावासीयांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. तोच अनुभव तापीच्या काठी, आपल्याहून शेकडो मैल दूर, दुसरी माणसे घेत आहेत.

कतारगाम हे एकेकाळी सुरतेबाहेरचे गाव. आज ते शहरात मिसळून गेले आहे आणि हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजले आहे. तेथील घंटीवर बसणारा कामगार बहुतांशी भावनगर-अमरेलीकडचा. परंतु जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून तापी खोऱ्याच्या रेल्वेने पोट भरण्यासाठी आलेली मराठी कुटुंबेही या शहरात पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. उधना, लिंबायत, दिंडोली या वस्त्यांत तर खानदेशी बोली उघड ऐकू येते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, हे नमूद केलेच पाहिजे. चांगले ते चांगले म्हणण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. आपल्या सीमाभागात मराठी शाळांचे काय चालले आहे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या एका गोष्टीचे मोल सांगावयास नको.

पण शाळा संपली की काय? खरा प्रश्न तेथे सुरू होतो. हिऱ्याच्या धंद्याला गेल्या काही वर्षांत उतरती कळा लागली. २०२४ साली श्रीमंत राष्ट्रांनी रशियन हिऱ्यांवर बंदी घातली, प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्याचा भाव पाडला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसवली. घंट्या थांबल्या. ज्याची मजुरी नगावर, त्याच्या घरात नग न आला की चूल विझते. गुजरात सरकारने मे २०२५ मध्ये या रत्नकलाकारांसाठी मदतयोजना जाहीर केली आणि बेकार झालेल्या कामगाराच्या मुलाची एका वर्षाची शाळेची फी, १३,५०० रुपयांपर्यंत, भरण्याचे मान्य केले. सरकारला हे सुचले, हे ठीकच झाले. परंतु ही मदत शाळेच्या फीची! ज्याचा मुलगा बारावी होऊन महाविद्यालयाच्या दारात उभा आहे, त्याने कोणाकडे पाहावे? शाळकरी मुलाची फी काही हजारांची, महाविद्यालयीन मुलाची कित्येक पट. जेथे ओझे हलके तेथे खांदा दिला आणि जेथे ते असह्य तेथे पाठ फिरवली, असा हा न्याय आहे.

त्याला उत्तर मिळते की, कर्ज आहे ना! केंद्र सरकारने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘पंतप्रधान विद्यालक्ष्मी’ योजनेस मंजुरी दिली. तारण नको, जामीनदार नको. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाच्या ७५ टक्क्यांस सरकारची हमी. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सरकारी मदत न घेणाऱ्या घरच्या विद्यार्थ्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सूट. ही सुधारणा आहे, आणि आम्ही ती नाकारीत नाही. २००१ साली बँकांनी आखलेल्या आदर्श योजनेत चार लाखांवरच्या कर्जाला तिसऱ्या माणसाची जामीनकी आणि साडेसात लाखांवर तारण मागण्याची वाट होती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराने तारण आणावे कोठून? गावाकडे दोन बिघे शेत असले, तर सातबाऱ्यावर चार भावांची नावे. तेव्हा तारणाची अट गेली, हे बरे झाले.

परंतु घोडे पेंड खाते ते पुढेच. ही योजना मंजूर झाली ती देशातील ८६० निवडक संस्थांसाठी. राष्ट्रीय क्रमवारीत जी विद्यालये वर आहेत, त्यांत प्रवेश मिळाला तरच हे दार उघडते, आणि व्याजाची सूट तर वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच. सुरतेच्या, जळगावच्या, किंवा आपल्या खानापूर-चिकोडीच्या साध्या महाविद्यालयात शिकणारा कामगाराचा मुलगा या ८६० मध्ये कोठे बसतो? सीमावासीयांच्या कानाला हा आकडा ओळखीचा वाटेल. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने ज्या गावांवरील हक्काचा ठराव एकमताने केला, ती गावे ८६५. एका बाजूला दिल्लीने निवडलेल्या ८६० संस्था, दुसऱ्या बाजूला दिल्लीने विसरलेली ८६५ गावे. या दोन आकड्यांच्या मध्ये गरिबाचे शिक्षण अडकून पडले आहे.

आता सरळ मदतीचे, म्हणजे शिष्यवृत्तीचे पाहू. येथे सीमेचा फास अधिक घट्ट आहे. गुजरातने २०१५ साली, पाटीदार आंदोलनाच्या धामधुमीत, ‘मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना’ काढली आणि सहा लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील गुणवान मुलांना फीची मदत देऊ केली. महाराष्ट्राने राजर्षी शाहूंच्या नावाने आठ लाखांच्या मर्यादेपर्यंत फीचा भार उचलला आणि २०२४-२५ पासून त्याच मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींची फी पूर्णपणे माफ केली. दोन्ही गोष्टी स्तुत्य. पण दोहोंच्या दारावर पाटी एकच: अधिवासाचा दाखला आणा.

त्यातही अनुसूचित जातीच्या स्थलांतरित कुटुंबाची स्थिती सर्वांत बिकट. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, एका राज्यातील अनुसूचित जातीचा मनुष्य दुसऱ्या राज्यात राहावयास गेला तर तेथे त्याला त्या जातीचे लाभ मिळत नाहीत. ते लाभ मूळ राज्याशी बांधलेले. उलट दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमांनी असे म्हटले की, अर्जदार जेथे कायमचा स्थायिक, त्या राज्याने पैसे द्यावेत. आता अमळनेरहून वीस वर्षांपूर्वी सुरतेस गेलेल्या कुटुंबातील मुलाने काय करावे? गुजरात म्हणणार, तुझी जात महाराष्ट्राची. महाराष्ट्र म्हणणार, तुझे घर गुजरातेत. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! जातीची वेदना मात्र राज्याची सीमा ओलांडताना कोणत्याही नाक्यावर अडवली जात नाही. ती माणसाबरोबर नव्या गावात बिनबोभाट पोहोचते. अडवली जाते ती तिच्यावरची फुंकर.

ही अडवणूक इतिहासाला धरून आहे, असेही नाही. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वार्षिक ९०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करण्याची सवलत निघाली. तेव्हा राज्य द्वैभाषिक होते. सुरत आणि सातारा एकाच सरकारच्या छत्राखाली होते. पण बेळगाव? ते १ नोव्हेंबर १९५६ रोजीच म्हैसूर राज्याच्या पदरात टाकले गेले होते. म्हणजे ज्या सवलतीने महाराष्ट्रातील शेतकऱ्याची पोरे पहिल्यांदा महाविद्यालयाची पायरी चढली, ती सवलत आपल्या सीमाभागातील पोरांच्या डोळ्यांदेखत, काही कोसांवर, कोल्हापुरात थांबली. सीमा नकाशावर रेघ म्हणून दिसते. घराघरांत ती न शिकलेल्या पिढीच्या रूपाने दिसते. आमचा लढा केवळ भावनेचा आहे असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आणखी मागे जावे. सुरतेच्या शेजारचे नवसारी ज्या बडोदे संस्थानात होते, त्याचे अधिपती सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा मुलगा गुजरातेत राजा झाला. त्यांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी अमेरिकेस धाडले. आंबेडकरांचे घराणे कोकणातले, जन्म महूचा, शिक्षण मुंबईचे. बडोद्याचे ते प्रजाजन नव्हते. महाराजांनी अधिवासाचा दाखला मागितला असता तर देशाची घटना कोणी लिहिली असती? शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यामागचा विचारही हाच होता: मुलगा शिकला पाहिजे. संस्थानिकांना जे कळले, ते लोकनियुक्त सरकारांना का कळू नये?

कर्जाची टीका करताना आम्ही कर्जच नको असे म्हणत नाही. केंद्र सरकारने १९६३ साली काढलेल्या राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्तीवर व्याज नव्हते; ती योजना पुढे बंद पडली. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून अशी व्यवस्था ठेवली आहे की, विद्यार्थ्याची मिळकत ठरावीक मर्यादेवर गेली तरच हप्ता सुरू व्हावा आणि तो प्राप्तिकराबरोबर वसूल व्हावा. आपल्याकडे अभ्यासक्रम संपून वर्ष उलटले की नोकरी असो वा नसो, हप्ता दारात उभा. कतारगामच्या कामगाराचा मुलगा अभियंता झाला आणि वर्ष उलटल्यावरही बेकार राहिला, तर बँकेचा माणूस बेकार बापाच्याच घरी येणार. एका बेकारीने दुसऱ्या बेकारीची फेड करावी, असे हे गणित आहे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, शिष्यवृत्तीचा पैसा विद्यार्थ्याच्या मागे चालावा. कोणत्या राज्याने किती वाटा उचलावा याचा निवाडा केंद्राने सरकारा-सरकारांत करावा, विद्यार्थ्याला त्यात ओढू नये. दुसरी, उत्पन्नाचा दाखला सरत्या वर्षाचा न मानता, धंदा बुडालेल्या कामगाराच्या आजच्या स्थितीची तपासणी करून मदत द्यावी. तिसरी, कर्जाचा हप्ता मिळकतीशी बांधावा. चौथी, विद्यालक्ष्मीची यादी संस्थेच्या क्रमांकावर न ठरवता विद्यार्थ्याच्या गरजेवर ठरवावी.

आणि पाचवी मागणी मुंबईच्या सरकारकडे. तंत्रशिक्षणाच्या प्रवेशनियमांत महाराष्ट्राने वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यास आपला मानले आहे. २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ गावांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. मग आजारी सीमावासीय आपला आणि शिकणारा सीमावासीय बेळगावातच शिकला की परका, असे कसे? २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर सीमाभागातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची फी महाराष्ट्राने भरावी. न्यायालयाच्या तारखा पुढे ढकलता येतात. मुलाचे अठरावे वर्ष पुढे ढकलता येत नाही.

आमचे भांडण गुजराती माणसाशी नाही, कानडी माणसाशीही नाही. अमरेलीचा रत्नकलाकार आणि अमळनेरचा कामगार एकाच कारखान्याच्या बंद दारापुढे उभे आहेत. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणारी आई त्यांना ओळखत नसेल, पण तिची चिंता तीच आहे. राज्ये माणसांच्या सोयीसाठी निर्माण झाली, माणसे राज्यांच्या सोयीसाठी नव्हेत. हे ज्या दिवशी राज्यकर्त्यांना पटेल, त्या दिवशी कतारगामच्या विद्यार्थ्याला उत्तर मिळेल आणि बेळगावलाही. ते आपोआप पटत नसते. पटवून द्यावे लागते. गेली सात दशके आपण तेच करीत आलो आहोत, आणि विजय मिळेपर्यंत करीत राहू.