घटामागचा कुंभार

गेल्या दिवाळीची गोष्ट. पाडव्याला सगळी मंडळी आमच्याकडे फराळाला जमली होती. आमचे मेहुणे निवृत्त इंजिनियर. वाचन दांडगे, आवाज त्याहून दांडगा. चकली मोडता मोडता त्यांनी जाहीर केले, "आता देवाविषयी वादच उरला नाही. विश्वाला आरंभ आहे हे शास्त्रज्ञच सांगतात. ज्याला आरंभ आहे त्याला कारण हवेच. ते कारण म्हणजे परमेश्वर!" सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात माझ्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "मग देवाला कोणी केलं, आजोबा?" एकदम शांतता पसरली. मग तिच्या पाठीत एक हलका धपाटा बसला आणि कोणीतरी म्हणाले, "असं विचारू नये, पाप लागतं." पोर हातातला अनारसा तसाच धरून आत निघून गेली.

तो धपाटा मला अजून झोंबतो आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. मी देव मानतो की नाही, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. आमच्या घरी पूजा होते आणि नैवेद्याच्या ताटावर मी पहिला हजर असतो.

मेहुण्यांजवळ उत्तर नव्हते असे नाही. अकराव्या शतकातल्या अल्-गझालीने ते देऊन ठेवले आहे आणि १९७९ साली विल्यम क्रेग या अमेरिकन पंडिताने त्याच युक्तिवादावर ग्रंथ लिहून त्याला पुन्हा उजाळा दिला. कारण लागते ते ज्याला आरंभ आहे त्यालाच. देव अनादि आहे, सबब त्याला कारण नको. ठीक आहे. पण 'आरंभ असलेल्याला कारण हवे' हा नियम तरी आपण शिकलो कोठे? रोजच्या व्यवहारात. घट दिसला की कुंभार आठवतो. आपल्याकडे मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास याच वाटेने ईश्वर सिद्ध केला: घटाप्रमाणे पृथ्वीही कार्य आहे, म्हणून तिलाही कर्ता हवा.

मात्र उदयनाचार्य पक्के नैयायिक होते. न्यायशास्त्रात घटाला एकटा कुंभार पुरत नाही. माती हवी, ते समवायी कारण. मातीच्या भागांचा संयोग हवा, ते असमवायी. कुंभार हा नुसता निमित्तकारण. म्हणून त्यांच्या मते परमाणू नित्य आहेत. ईश्वर ते घडवीत नाही, त्यांची जुळणी करतो. आता आमच्या मेहुण्यांकडे पाहा. त्यांचा देव शून्यातून विश्व काढतो. म्हणजे कुंभार आहे, पण चिखलाचा गोळा नाही! कुंभारावाचून घडलेला घट कोणी पाहिला नाही हे जितके खरे, तितकेच मातीवाचून घडलेला घटही कोणी पाहिला नाही हे खरे. अनुभवाच्या एकाच हुंडीचा अर्धा भाग वटवायचा आणि अर्धा फाडून टाकायचा, हा कोठला व्यवहार?

आणि घटावरून पृथ्वीवर उडी मारता येते, हे तरी कोणी ठरवले? सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्ती या बौद्ध आचार्याने साधी शंका काढली. मातीची वस्तू दिसली की कुंभार मानायचा असेल, तर वारूळही कुंभारानेच केले म्हणायचे काय? बौद्धाचे सोडा. वेदाला प्राण मानणारा कुमारिलभट्टही सृष्टिकर्ता मानीत नाही. तो विचारतो: कर्त्याला शरीर नसेल तर तो इच्छा आणि कृती कशाने करणार? आणि असेल तर ते शरीर कोणी घडवले? आमच्या नातीने तरी दुसरे काय विचारले होते?

राहता राहिला शास्त्रज्ञांचा दाखला. विश्व एका आदिम अणूतून प्रसरण पावले ही कल्पना १९३१ साली मांडणारा लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोपमहाशयांनी भाषण करून त्या शास्त्राला निर्मात्याच्या साक्षीला उभे केले, तेव्हा लमेत्र मुळीच खूष झाला नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असेच तो म्हणत राहिला. धर्मगुरूला जे कळले ते आमच्या इंजिनियरांना कळू नये! सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होते, इथवर भौतिकशास्त्र विश्वासाने सांगते. त्याच्या अगदी पहिल्या क्षणाशी त्याची समीकरणे थकतात. समीकरणे थकली म्हणजे तेथे 'काहीच नव्हते' हे सिद्ध झाले, असे नव्हे.

शिवाय धोका पाहा. आपले जयंत नारळीकर फ्रेड हॉइल यांच्याबरोबर अनादि विश्वाची बाजू मांडीत होते. १९६५ साली पेन्झियास व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि बहुतेक शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ती बाजू पडली. समजा, उलट झाले असते. मग मेहुण्यांनी देव्हारा माळ्यावर टाकला असता काय? आषाढात आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी वेधशाळेचा दाखला खिशात घेऊन निघत नाही. त्याला भेटायचे असते ते विठ्ठलाला, पहिल्या कारणाला नव्हे. पहिल्या कारणाला कोणी माउली म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

यंदा पाडव्याला मेहुणे पुन्हा येणार आहेत. नातीला मी वारुळाची गोष्ट सांगून ठेवली आहे.