शिकागोचा घेवडा

बालमित्रांनो, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा तुम्ही नक्कीच खाल्ला असेल. त्याचा एक दाणा डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकं गोल, पाठ फुगीर आणि पोटाकडे जरासा आत वळलेला. आता असा दाणा चकचकीत स्टीलचा आहे आणि तीन मजली घराएवढा उंच आहे, अशी कल्पना करा. हसलात ना? पण असा घेवडा खरोखरच आहे! तो आहे अमेरिकेतल्या शिकागो शहरात, मिलेनियम पार्क नावाच्या बागेत.

त्याचं खरं नाव ‘क्लाउड गेट’, म्हणजे ढगांचं दार. लोक मात्र त्याला लाडानं ‘बीन’ म्हणतात. बीन म्हणजे आपला घेवडाच की! हे शिल्प घडवणारे अनीश कपूर १९५४ साली आपल्या मुंबईत जन्मले आणि पुढे लंडनला स्थायिक झाले. पाऱ्याच्या थेंबावरून त्यांना या आकाराची कल्पना सुचली.

शिल्पाची उंची ३३ फूट आणि लांबी ६६ फूट. म्हणजे जवळजवळ दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्यासारखी. वजन सुमारे १ लाख किलो! एवढा मोठा तुकडा एकसंध कसा ओतणार? म्हणून स्टेनलेस स्टीलचे १६८ जाड पत्रे वाकवून एकमेकांना वेल्डिंगनं जोडले. २००४ साली बाग उघडली, तेव्हा हे सांधे स्पष्ट दिसत होते. मग कारागिरांनी ते घासायला घेतले. आधी खरखरीत, मग बारीक, मग आणखी बारीक पॉलिश पेपरनं. शेवटी सांधा कुठे होता तेही कळेना. १५ मे २००६ रोजी लोकार्पण झालं.

इतकं घासायचं कशाला? सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी पहाटे संथ असतं, तेव्हा त्यात पूल स्पष्ट दिसतो. वारा सुटला, लाटा उठल्या की तेच प्रतिबिंब मोडतं. पृष्ठभाग सपाट असला तर प्रकाशकिरण शिस्तीत परततात, खडबडीत असला तर वाटेल तिकडे उधळतात. धातूवरचे ओरखडे म्हणजे जणू बारीक लाटाच. त्या घालवल्या की स्टीलचा आरसा होतो.

आणि तो गंजत कसा नाही? स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बनतो आणि तो आतलं लोखंड सांभाळतो. तुमच्या जेवणाच्या ताटाचंही रहस्य हेच!

करून पाहा : आईकडून एक चकचकीत मोठा डाव मागून घ्या. त्याच्या पाठीत बघा. तुम्ही सुलटे, पण छोटे दिसाल. मागची अख्खी खोलीही त्यात मावेल. हा बहिर्वक्र आरसा. एसटीच्या ड्रायव्हरकाकांच्या बाजूचा आरसा असाच असतो. शिकागोच्या घेवड्याच्या पाठीतही सगळं आकाश आणि उंच इमारती मावतात. आता डावाच्या पोटात बघा. उलटे झालात? हा अंतर्वक्र आरसा. घेवड्याच्या खाली कमानीसारखी वाट आहे. तिथं उभं राहून वर पाहिलं, की एकाच माणसाच्या कितीतरी वेड्यावाकड्या प्रतिमा दिसतात. (डाव सूर्यासमोर मात्र धरू नका. अंतर्वक्र आरसा ऊन एका जागी गोळा करतो, डोळ्यांना इजा होईल.)

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर शिवरायांचा पुतळा आहे. तिथं आपण मान वर करून महाराजांना पाहतो, त्यांची आठवण ठेवतो. घेवड्यात कुणा थोर माणसाचं रूप नाही. समोर येईल त्याचं रूप त्यात दिसतं, मग तो पाहुणा असो की झाडूवाला. चौकातली शिल्पं अशी दोन्ही प्रकारची असू शकतात.

त्याला हात लावायला मनाई नाही. पोरंटोरं हात लावतात, बोटांचे ठसे उमटतात, म्हणून खालचा भाग रोज पुसतात. २०१९ साली मात्र काहीजणांनी त्यावर रंगाचे फवारे मारून नावं लिहिली. तो रंग पुसता आला. पण आपल्या गडांच्या दगडांत कुणी खिळ्यानं नाव कोरलं, तर ते कशानं पुसणार? पालकांनो, सहलीला निघण्यापूर्वी मुलांशी एवढं जरूर बोला.

मुलांनो, या आठवड्यात घरात आणि रस्त्यावर वक्र आरसे शोधा. प्रतिमा सुलटी की उलटी, मोठी की छोटी, ते वहीत लिहा. आणि हो, तुमच्या गावच्या चौकात एक शिल्प उभारायचं ठरलं, तर ते कसं असावं? चित्र काढा आणि वर्गात बाईंना, गुरुजींना दाखवा!