पुतळे उभे, धावपटू कुठे?

कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट या सरकारी महाविद्यालयात बड विंटर यांनी १९७० पर्यंत सुमारे तीन दशके धावपटू घडविले. जबडा व हात सैल सोडले की वेग वाढतो, ही त्यांची शिकवण. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या वैमानिकांनाही त्यांनी शरीर शिथिल ठेवण्याचे धडे दिले होते. टॉमी स्मिथ हा कापूस वेचणाऱ्या कुटुंबातील कृष्णवर्णीय मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. १९६८ साली मेक्सिकोत त्याने २०० मीटरची शर्यत १९.८३ सेकंदांत जिंकली आणि विजयमंचावर जॉन कार्लोससह काळ्या हातमोज्यातील मूठ उंचावली.

श्रमिकांच्या मुलांना खाजगी क्लबांची दारे कोण उघडणार? त्यांना आधार सरकारी मैदानाचा आणि पगारी शिक्षकाचाच. परंतु याच महाविद्यालयाने १९८८ साली खर्चाची सबब पुढे करून हा क्रीडाविभाग बंद केला. २००५ साली आवारात त्या दोघांचे पुतळे मात्र दिमाखात उभे राहिले! विभाग पुन्हा सुरू करण्याची घोषणा होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. गौरव स्वस्त असतो. पुतळा ना शिष्यवृत्ती मागतो, ना प्रशिक्षक. विंटर यांचे ऋण फेडावयाचे तर गरिबाच्या मुलासाठी धावपट्टी खुली राहिली पाहिजे.