उपचारात खेळाचे स्थान

आमच्या शेजारी सात वर्षांची एक मुलगी राहते. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचा डावा हात जन्मापासून आखडलेला आहे. रोज सायंकाळी आई तिच्याकडून तो हात वर करवून घेते, मूठ उघडवून घेते. वीस वेळा, आणि पुन्हा वीस वेळा. आईचे मोठ्याने मोजणे भिंतीपलीकडून आम्हांस ऐकू येते. दहाच्या सुमारास रडणे सुरू होते.

अशा बालकाच्या हातास वळण लागावयाचे तर तीच हालचाल शेकडो वेळा, आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेने, व्हावी लागते. दुसऱ्याने हात धरून हलविला तर सांधे मोकळे राहतात, पण मेंदू फारसा शिकत नाही. खरी अडचण आहे ती ही इच्छा आणावयाची कोठून! येथेच 'ऑगमेंटेड रिॲलिटी', म्हणजे संवर्धित वास्तव, मला उपयोगाचे वाटते. टॅब्लेटच्या कॅमेऱ्यातून समोरची खोली जशीच्या तशी दिसते. मात्र तीत खुर्चीच्या पाठीवर एक फुलपाखरू येऊन बसते आणि ते धरावयास हात आपण होऊन पुढे जातो. डोळे झाकून भलत्याच जगात नेणारे हे तंत्र नव्हे. मुलाला आपली खुर्ची, आपली आई आणि आपला हात दिसत राहतो.

२०१६ साली 'पोकेमॉन गो' हा खेळ निघाला, तेव्हा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या सी. एस. मॉट बालरुग्णालयात त्याच्या निमित्ताने मुले खाटेवरून उठून हिंडू फिरू लागली. आम्ही वडील मंडळी त्याच खेळास वेड म्हणून नावे ठेवीत होतो!

तथापि खेळाला रोगी ओळखता येतोच असे नाही. फुलपाखरू धडधाकट उजव्या हाताने पकडले, तरी साधा खेळ गुण देऊन मोकळा होतो; आणि मुले ही पळवाट फार लवकर शोधतात. ती लबाडी तज्ज्ञाच्या डोळ्यासच दिसते. शिवाय यंत्रांचे आयुष्य थोडे. शरीराची हालचाल टिपणारे 'किनेक्ट' मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये विक्रीस आणले. उपचाराच्या खेळांसाठी ते अनेक ठिकाणी वापरले गेले. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मुलाचा उपचार मात्र वर्षानुवर्षे चालावयाचा असतो. म्हणून देणगीदारांनी यंत्राच्या उद्घाटनाची फीत कापण्याआधी व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या पगाराची सोय पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पगारावर नावाची पाटी लावता येत नाही, हे खरे!

शेजारच्या मुलीच्या उपचारतज्ज्ञ बाईंनी अलीकडे तिच्यासाठी असाच एक खेळ निवडून दिला आणि खेळताना उजव्या हातावर जाड मोजा चढविण्यास सांगितले. रडणे अजून थांबलेले नाही; परंतु काही सायंकाळी आईचे मोजणे ऐकू येत नाही. विचारले तर म्हणाली, "मोजायचं राहूनच गेलं."