ग्रह स्कॅन झाले, डोंगराचं काय?

पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडच्या पोरांची संध्याकाळ बऱ्याचदा घरातच जाते. बाहेर धो धो कोसळतोय, लोकल रखडलेली आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. अशा वेळी कुणी लॅपटॉपवर ‘एलिट डेंजरस’ लावतं, कुणी ‘नो मॅन्स स्काय’. आई विचारते, ‘‘काय चाललंय?’’ उत्तर येतं, ‘‘ग्रह स्कॅन करतोय.’’ आईच्या लेखी तो टाइमपास. आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. अंतराळावरच्या या गेम्समध्ये गोळीबारापेक्षा जास्त शिकवून जाणारी गोष्ट कुठली असेल, तर ती हे स्कॅनिंगच. फक्त जे शिकलो ते स्क्रीनवरच सोडून उठायचं का, एवढाच प्रश्न आहे.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘एलिट डेंजरस’ हा गेम २०१४ साली आला. त्यात आपल्या आकाशगंगेची प्रतिकृती आहे, सुमारे ४०० अब्ज तारामंडळांची. नव्या ताऱ्यापाशी पोहोचलात की आधी जहाजातून एक भोंगा वाजवायचा. खेळाडू त्याला ‘हॉन्क’ म्हणतात. इथे एकंदर किती गोळे फिरताहेत, एवढंच त्यातून कळतं. मग दुसरी पायरी, डिसेंबर २०१८च्या अपडेटमध्ये आलेली. जुन्या रेडिओवर स्टेशन लावावं तशी फ्रिक्वेन्सी जुळवत बसायचं. खडकाळ ग्रहाची खूण वेगळी, वायूच्या गोळ्याची वेगळी. काटा चुकीच्या जागी असेल तर समोरचा ग्रहही सापडत नाही. तिसरी पायरी म्हणजे जवळ जाऊन प्रोब सोडायचे आणि पृष्ठभागाचा नकाशा करायचा. जितक्या कमी प्रोबमध्ये जमेल तितकं चांगलं. आणि २०२१पासून चौथी पायरीही आहे, उतरून स्वतःचं पाऊल ठेवायची.

यातली खरी गंमत पुढे आहे. गोळा केलेली माहिती एखाद्या स्थानकावर परत येऊन जमा केली, तरच ती तुमची. त्याआधी जहाज फुटलं तर सगळं गेलं. महिनाभराची भटकंती एका चुकलेल्या लँडिंगमध्ये मातीमोल झाल्यावर कपाळाला हात लावणारे खेळाडू कमी नाहीत. सुखरूप परतलात, तर त्या ग्रहाच्या पाटीवर ‘प्रथम शोध’ म्हणून तुमचं नाव लागतं.

सगळ्याच गेम्सनी स्कॅनिंगला इतका मान दिलेला नाही. २०१०च्या ‘मास इफेक्ट २’मध्ये ग्रहावरून स्कॅनर फिरवायचा तो पॅलेडियम, प्लॅटिनम उपसण्यासाठी. माल संपला की ग्रह ‘रिकामा’ आणि आपण पुढे. खेळाडू या प्रकाराला जाम कंटाळले होते. २०१६च्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये गणिती सूत्रातून तयार होणारे ग्रह आहेत, १८ वर १८ शून्यं इतके. तिथे झाड, प्राणी, दगड जे दिसेल ते स्कॅन करा, पैसे मिळवा आणि वाटेल ते नाव द्या. ‘ईव्ह ऑनलाइन’ने तर २०१७मध्ये खेळाडूंपुढे खऱ्या दुर्बिणीची माहिती ठेवली. कोरो या अंतराळ दुर्बिणीने टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख पाहायचे आणि प्रकाश किंचित मंदावलेला दिसला की खूण करायची. ग्रह ताऱ्यासमोरून सरकला तर असं होतं. या कामात मिशेल मेयर हे शास्त्रज्ञ सोबत होते. सौरमालेबाहेरच्या ग्रहाच्या शोधासाठी २०१९चं नोबेल मिळालं, तेच हे मेयर. म्हणजे गेम खेळता खेळता खरं विज्ञान होऊ शकतं, हे काही स्वप्नरंजन नाही.

मग हा सगळा विषय कर्जत-खालापूरच्या पानावर कशाला? कारण ‘प्रथम शोध’ची पाटी आपल्याकडे १७५ वर्षांपूर्वीच लागली आहे.

मे १८५०. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौकला होता. तिथून ते समोरचा डोंगर चढून गेले, आज ज्याला ‘वन ट्री हिल’ म्हणतात त्या बाजूने. वर गर्द झाडी आणि गार हवा. शाळेत आपण उत्तर लिहितो, ‘माथेरानचा शोध मॅलेटने लावला.’ पुढे साहेबांची नावं लागत गेली. अलेक्झांडर पॉइंट, लुईझा पॉइंट, शार्लट लेक. पण त्या डोंगरावर ठाकर, कातकरी आणि धनगर आधीपासून वावरत होते. पाणी कुठे, वाट कुठे, हे त्यांना ठाऊक होतं. अहो, ‘माथेरान’ हे नावसुद्धा साहेबाचं नाही, आपलंच आहे. साहेबाने डोंगर शोधला नाही, त्याने तो दप्तरात नोंदवला. नोंदवणाऱ्याचं नाव राहिलं, राहणाऱ्याचं नाही. गेममधल्या ग्रहावर विचारायला कुणी नसतं, म्हणून नाव देणं चालून जातं. आपल्या डोंगरांवर माणसं आहेत.

आणि स्कॅनर तेवढंच दाखवतो, जेवढं त्याला शोधायला सांगितलेलं असतं. आज मुंबईहून कर्जतकडे पाहणाऱ्याला काय दिसतं? फार्महाऊसचे प्लॉट, सेकंड होम, वीकेंडचा धबधबा. ही ‘मास इफेक्ट’ची नजर झाली. त्याच डोंगराच्या कुशीत वाडी आहे आणि वाडीच्या वर कडा आहे, हे त्या फ्रिक्वेन्सीवर ऐकूच येत नाही.

त्याची किंमत आपण पाहिली आहे. मॅलेट ज्या चौकहून निघाले, त्याच चौकजवळ इर्शाळगड उभा आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर नेता येईनात, बचाव पथकं भर पावसात पायी चढली आणि कुदळ-फावड्याने माती उपसत राहिली. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २२ जुलै २०२१ला, आपल्याच जिल्ह्यात महाडजवळचं तळीये असंच गाडलं गेलं होतं. तरीही इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. हातात यादी होती, काटा मात्र दुसरीकडेच लावलेला होता.

यंत्रं नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. इस्रोने २०२३मध्ये देशाचा भूस्खलन अ‍ॅटलास प्रसिद्ध केला. त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार दरडींची नोंद आहे. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोटाहून निसार हा भारत-अमेरिकेचा उपग्रह गेला. त्याचं रडार ढगांच्या आरपार पाहतं, दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतं आणि जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी ती टिपू शकतं. कोकणच्या पावसात, जिथे महिना महिना आकाश दिसत नाही, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे.

पण उपग्रह म्हणजे पहिल्या पायऱ्या. प्रोब आणि पाऊल अजून बाकी आहे. घरामागच्या जमिनीला नवी भेग पडली का, झाडं किंवा विजेचे खांब कलले का, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं का, जिथे कधीच पाणी नव्हतं तिथून ते फुटलं का, दार चौकटीत अडकायला लागलं का, ही दरडीच्या आधीची लक्षणं आहेत. ती वरून नाही, वाडीतून दिसतात. आणि सगळ्यात आधी दिसतात ती तिथे जन्म काढलेल्या आजीला.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली प्रशासनाकडे. दरडीचा धोका असलेल्या वाड्यांची यादी तालुक्यागणिक, मराठीत, सर्वांना पाहता येईल अशी लावा, आणि एखादी वाडी त्यात का आहे किंवा का नाही तेही लिहा. यादी बंद कपाटात असेल, तर तिच्यातली चूक कोण दाखवणार?

दुसरी तुमच्याकडे. कर्जत-खोपोलीच्या कॉलेजांत एनएसएस आहे, ट्रेकिंगचे ग्रुप आहेत. इर्शाळ, पेब, कोथळीगड तुम्ही दरवर्षी चढता, रील टाकता. दरवर्षी मे महिन्यात एक-दोन दिवस त्याच वाटेवरच्या वाड्यांना द्या. फोनमध्ये जीपीएस आहे, कॅमेरा आहे. भेगा, झरे आणि कललेली झाडं तारखेसह नोंदवा. ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीही भर घालू शकतं, तिथे वाडीची वाट आणि घरं टाका, म्हणजे मदतीला येणाऱ्याला रात्री वाट तरी सापडेल. आणि हो, वाडीत गेल्यावर आधी विचारा, मग मोजा. ओढ्याला, टेकाडाला लोक जे नाव देतात तेच नकाशावर लिहा, तुमचं नको.

हे काम भूगर्भतज्ज्ञाची जागा घेणार नाही. वाडी हलवायची की नाही, हे ठरवायला जाणकारच हवेत. पण कुठे आधी जायचं, हे त्यांना तुमच्या नोंदी सांगू शकतात.

ज्यांना यात मजा काय असं वाटतं, त्यांनी एकदा हिवाळ्यात कर्जत लाइनवरच्या वांगणीला जावं. खगोल मंडळाची माणसं तिथे रात्र रात्र जागून नवख्यांना आकाश दाखवत आली आहेत. तास तास थंडीत उभं राहून धुक्याएवढा एक ठिपका पाहायचा आणि त्यासाठी खूश व्हायचं. शोधाचं काम असंच असतं. गेममध्येही तुम्ही तासन्‌तास फ्रिक्वेन्सी जुळवत बसताच की.

तेव्हा गेम जरूर खेळा. फक्त त्याचा एक नियम लक्षात ठेवा: माहिती घरी आणून जमा केली तरच ती उपयोगाची. वाडीतल्या आजीला दिसलेली भेग तहसील कार्यालयाच्या दप्तरात पोहोचली नाही, तर ती कुणालाच दिसली नाही असा अर्थ होतो. आणि इथे ती पोहोचवायची मुदत दरवर्षी ठरलेली असते, जूनचा पहिला मोठा पाऊस.