लिव्ह अँड लायसन्सच्या घरांसाठी ९० दिवसांची नोटीस बंधनकारक करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

आम्ही पुण्यात लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारी कुटुंबे आहोत. करार अकरा महिन्यांचा, दरवर्षी नवा. मुदतीआधी घर खाली करून घ्यायचे तर मालकाने किती दिवस आधी कळवावे, हे करारातले छापील कलम ठरवते. बहुतेक करारांत तिथे एक महिना असतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ नुसार भाडे थकवलेल्या भाडेकरूवरही लेखी मागणीनोटीस बजावून ९० दिवस उलटल्याखेरीज त्या कारणाने ताब्याचा दावा लावता येत नाही. आम्ही भाडे वेळेवर भरतो, तरी आम्हाला हे संरक्षण नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६३ ने लायसन्स रद्द झाल्यावर जागा सोडायला वाजवी वेळ दिला, पण दिवस सांगितले नाहीत. हा आम्हाला उघड अन्याय वाटतो.

जानेवारीत व्हॉट्सअॅपवर दोन ओळी येतात : मुलाचे लग्न ठरले आहे, महिनाअखेर फ्लॅट रिकामा करा. घरात मुलगी दहावीला, परीक्षा तोंडावर. नव्या घराचे डिपॉझिट आधी मोजावे लागते. जुने मिळते ते चावी दिल्यावर, रंगकामाचे पैसे कापून. वर एजंटची दलाली, टेम्पोचे भाडे, कराराची नोंदणी, पोलीस पडताळणी. एवढी रक्कम पगारदार माणसाने महिन्याभरात कुठून उभी करायची?

मालकांना घर अडकण्याची धास्ती असते, ती आम्ही समजू शकतो. म्हणून भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ मधील ताबा मिळवण्याच्या तरतुदीला आमचा विरोध नाही. मुदत संपल्यावर एक दिवसही जास्त राहण्याचा हक्क आम्ही मागत नाही.

आमची मागणी अशी की, मुदतीआधी घर परत हवे असल्यास मालकाने किमान ९० दिवसांची, कारण नमूद केलेली लेखी नोटीस द्यावी आणि करारात याहून कमी मुदत लिहिली तरी ती ग्राह्य धरू नये. कराराचे नूतनीकरण करायचे नसल्यास तेही ६० दिवस आधी लेखी कळवावे. शाळकरी मुले असलेल्या घरात नोटिशीची मुदत वार्षिक परीक्षेआधी संपू नये. डिपॉझिट चावी घेतानाच परत द्यावे. नोटिशीच्या काळात पाणी, वीज, लिफ्ट बंद करणाऱ्यावर कारवाई व्हावी.

अधिवेशनापूर्वी आम्हाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. नोंदणीकृत करारांच्या प्रती आम्ही सोबत आणू.

आपले विश्वासू,
पुणे शहरातील लायसन्सधारक रहिवासी